चार नाल

अक्षीच्या सुरुबनामागे माझी भट्टी.
भट्टी कसली, पत्र्याचं छप्पर, एक ऐरण,
बापाच्या हातात अर्ध्या झिजलेल्या कानशी.
घोडा दिसायच्या आधी मला ऐकू यायचा:
दादरकरांचा बादशहा दर चौथ्या पावलाला अडखळे,
आणि घरतांची लवंगी
डांबरावर तिखट, कोरडी, घाईची.

तेजल घरत आली वैशाखात.
म्हणाली, चाचा, नाल काढा.
पुन्हा ठोकायचे नाहीत.

मी हसलो.
चांभाराकडे येऊन कुणी
चपला जाळा म्हणावं, तसं.

तिने स्वतःच खूर उचलून धरला.
किल्ल्याच्या फेऱ्या, ओहोटीलाही गुडघाभर खारं पाणी,
दर महिन्याला गंजलेला खिळा, दर महिन्याला नवं भोक,
भोकाशेजारी भोक,
वाळवीच्या दारासारखी खुराची भिंत.
पुढचा खिळा कुठे मारणार, दाखवा.
मी जागा शोधली.
नव्हती.

सांडशीने एकेक खिळा सोडवला.
चौथा नाल ऐरणीवर पडला तेव्हा
लवंगीने पाय खाली टेकवला
आणि लगेच उचलला,
जमीन कुणी बदलून ठेवल्यासारखी.

मग सुरू झाले ते मोजायचे दिवस.
पुळणीवर ओल्या वाळूत आज दहा मिनिटं, उद्या बारा.
भांगेच्या दिवसांत पाणी फार सरत नाही,
वाळूचा पट्टा अरुंद, वळणंच जास्त.
रस्ता ओलांडायचा तर सायकलच्या ट्यूबचे बूट,
सुतळीने बांधलेले.
पोरं ओरडत, घोडी स्लीपर घालून चालली!
गणपती गेले, दिवाळी गेली,
गाडी फणसाखाली दांड्या टेकून उभी.
तेजलची आत्या म्हणाली, या वर्षी खायचं काय,
वाळू?

मी दर पंधरवड्याला जायचो.
(पैसे घेत नव्हतो, हे सांगायला नको होतं.)
कानशीने कड गोल करायची, बस.
खूर महिन्याला गव्हाच्या दाण्याएवढा वाढतो.
वरून नवी भिंत उतरत होती, सलग,
माझी भोकं तिच्यापुढे खाली खाली सरकत,
एकेक करून कानशीखाली भुगा झाली.
तळव्यातली पुतळी,
बाप तिला घोड्याचं दुसरं काळीज म्हणायचा,
आमसुलासारखी सुकली होती,
ती रुंद झाली, अंगठ्याखाली दबून परत येऊ लागली.

एकदा मीही चपला काढल्या
आणि जांभ्याच्या वाटेने तिच्याबरोबर निघालो.
बारा पावलं.
तेरावं जमलं नाही.
ती पुढे गेली, मान खाली,
खडा न् खडा वाचत.

मध्येच पुण्याचे एक गृहस्थ आले,
दारावर ठोकायला नाल हवा होता.
काळ्या घोड्याचाच आहे ना?
चाळीस वर्षं मी हो म्हणत आलोय,
अक्षीतला प्रत्येक तांबडा, पांढरा, कबरा
माझ्या दुकानात काळा झालाय.
या वेळी म्हटलं, तांबूस घोडीचा आहे,
तिला तो सोसला नाही.
गृहस्थ गेले.
चारही नाल आता कुठल्याशा जाळ्याला
वजन म्हणून समुद्रात आहेत.

माघात किल्ल्याची पहिली फेरी झाली,
दोनच माणसं, हळू.

परवा ऐरणीशी पाठमोरा बसलो होतो.
मानेवर गरम श्वास आला.
दचकून वळलो तर लवंगी,
आणि तिच्यामागे वाळूत
वाटीसारखे गोल, उथळ ठसे.
तेजल हसत होती. मला रागच आला थोडा,
या वयात कुणी न ऐकू येता
इतकं जवळ येऊ नये.

मग खूर मांडीत घेतला,
आणि दुसरा हात, सवयीने,
हातोडी चाचपू लागला.